विकतचा आग्रह

आग्रह विकत मिळतो काय, असे आपल्या वडीलधाऱ्यांना कोणी विचारले असते, तर त्यांनी तो प्रश्न थट्टेवारी नेला असता. जेवण विकत मिळते हे त्यांना ठाऊक होते. खाणावळी होत्या, आणि त्यांच्या दारावर ‘घरगुती जेवण’ अशी पाटीही होती. लग्नकार्यात आचारी मोलाचा असे, पुढे वाढपीही मोलाचे झाले. परंतु हातात जिलबीचे ताट घेऊन पंक्तीतून फिरावयाचे, नको नको म्हणणाऱ्याच्या पानावर बळेच दोन जिलब्या ठेवावयाच्या आणि ‘सावकाश होऊ द्या’ म्हणून पुढे सरकावयाचे, हे काम यजमानाचे. ते मोलाने कोणाकडे सोपवता येईल, ही कल्पनाच कोणाला शिवली नव्हती. आज ती प्रत्यक्षात उतरली आहे आणि चांगली चालते आहे. आपल्यापैकी ज्यांच्या बदल्या राजस्थानकडे होतात, त्यांना तिचा अनुभव एकदा तरी येतोच. आपण होऊन गेलो नाही, तरी पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले म्हणजे ते तेथे जाण्याचा हट्ट धरतात.

ज्यांनी असे ठिकाण पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत, रिसॉर्टच्या आवारात, मातीने लिंपलेल्या झोपड्या, कंदील, खाटा आणि बैलगाड्या यांचे एक खेडे उभारलेले असते. दारावर तिकीट, आणि तिकिटातच रात्रीचे जेवण धरलेले. आत पाऊल टाकताच पागोटे बांधलेला एक इसम कपाळी टिळा लावून ‘राम राम सा’ म्हणतो. पुढे कठपुतळ्यांचा खेळ, कालबेलियांचे नृत्य, ज्योतिषी, जादूगार, डोक्याला तेल चोळून देणारा चंपीवाला. आणि शेवटी जमिनीवर मांडी घालून, बुटक्या चौरंगावर मांडलेल्या पत्रावळीवर भोजन. जयपूरच्या दक्षिणेस टोंक रस्त्यावर १९९० च्या सुमारास सुरू झालेली ‘चोखी ढाणी’ ही या प्रकारातली सर्वांत नावाजलेली. राजस्थानी बोलीत ढाणी म्हणजे शेतात वसलेली चार-दोन घरांची वाडी आणि चोखी म्हणजे उत्तम. तिची शाखा पुण्याजवळही निघाली आहे, तेव्हा हा विषय केवळ बदलीवरच्या लोकांचा राहिलेला नाही. मराठीत ‘पात्र’ म्हणजे भांडेही आणि नाटकातील सोंगही. येथे दोन्ही पात्रे एकाच वेळी आपल्यासमोर येतात, आणि पोट भरल्यावर मनात जी चुळबूळ सुरू होते ती दुसऱ्या पात्रासंबंधी असते.

ही कल्पना मूळची आपली नव्हे. अमेरिकेत ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, आणि तेथील नोकरांना नोकर न म्हणता नाटकमंडळीतील नट म्हणण्याचा प्रघात पडला. येणारा गिऱ्हाईक नव्हे, तर पाहुणा. फ्लॉरिडात १९७१ साली उघडलेल्या त्यांच्या कंटेम्पररी रिसॉर्टमध्ये ‘शेफ मिकीज’ नावाचे भोजनगृह आहे, तेथे जेवण चालू असताना मिकी उंदीर टेबलाटेबलाशी येऊन मुलांना कवटाळतो. मुखवट्यातला मिकी बोलत नाही. मला या गोष्टीचे फार महत्त्व वाटते, आणि पुढे त्याकडे यावयाचे आहे.

राजस्थानात पाहुणचाराचा व्यवसाय प्रथम झोपडीने मांडला नाही, राजवाड्याने मांडला. जयपूरचा रामबाग राजवाडा १९५७ साली हॉटेल झाला, उदयपूरचा तळ्यातला राजवाडा १९६३ साली. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर ही वाट अधिकच रुळली. राजवाड्यात उतरणारा मनुष्य एका रात्रीपुरता राजा होतो. त्याच्या अहंकाराची ती सोय आहे, आणि ती त्यालाही ठाऊक असते. ढाणीत जाणाऱ्याची हौस अधिक सूक्ष्म आहे. त्याला राजा व्हावयाचे नसते. कोणा साध्याभोळ्या खेडुताने आपल्याला प्रेमाने, हात धरून जेवू घालावे अशी त्याची इच्छा असते. राजेपणाची किंमत लावता येते. प्रेमाने जेवू घालण्याची किंमत तिकिटावर छापलेली पाहिली, की विचारी माणसाला जरा अवघडल्यासारखे होते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही कचेरीतली पाच माणसे अशाच एका ढाणीत गेलो होतो. मंडळींत एक बंगाली हिशेबतपासनीस, एक मल्याळी लघुलेखक, दोघे आम्ही मराठी आणि एक शेखावाटीकडचे सहकारी, ज्यांचे स्वतःचे घर खरोखरीच्या ढाणीत आहे. जेवण उत्तम होते. बाजरीची भाकरी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा, गट्ट्यांची भाजी, दाल-बाटी-चुरमा, लसणाची चटणी, कढी, खिचडी, आणि केर-सांगरी. वाढणारा विशीतला तरुण होता. पानाशी वाकून तो दर वेळी ‘थोडो सो और ल्यो सा’ म्हणे, आणि त्याच्या म्हणण्यात काही उणे होते असे मला तरी वाटले नाही. राजस्थानात या आग्रहाला ‘मनुहार’ म्हणतात. शब्दही किती नेमका. मन हरण करणे त्यात आलेच.

आमच्या शेखावाटीच्या स्नेह्यांनी जेवता जेवता त्याला गाव विचारले. त्याने हसून दरभंग्याकडचे एक गाव सांगितले. ‘ये सब तो यहीं आकर सीखा, साहब,’ असे म्हणून त्याने पुन्हा त्याच सुरात ‘ल्यो सा’ म्हटले आणि बाटीवर तूप सोडले.

येथून जो वाद सुरू झाला तो परतीच्या मोटारीत संपला नाही. मल्याळी मित्राचे म्हणणे, ही फसवणूक आहे; आपण राजस्थानी मनुहारीचे पैसे मोजले आणि मिळाली ती मिथिलेकडच्या मुलाने पाठ केलेली. बंगाली मित्र म्हणाला, मग शाहजहानचे काम करणारा नट मोगल घराण्यातला नाही म्हणून नाटकाचे पैसे परत मागशील काय? शेखावाटीचे स्नेही बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मुलाने सर्व बरोबर केले. एकच गोष्ट राहिली. आमच्या घरी पाहुणा पानावर हात आडवा धरतो, तेव्हा यजमान तो हात बाजूला सारून वाढतो. मी हात आडवा धरला, तो थांबला.’

हे वाक्य माझ्या मनात घर करून बसले आहे. त्या तरुणाला आग्रहाचे शब्द दिलेले होते, परंतु आग्रहाचा अधिकार दिलेला नव्हता. पैसे देऊन आलेल्या पाहुण्याचा हात तो कसा बाजूला सारणार? आपल्यासारख्या कारकुनी करणाऱ्याला ही स्थिती परकी नाही. ‘मुझे यह कहने का निदेश हुआ है’ या शब्दांनी मी आजवर किती पत्रांचा आरंभ केला असेल, त्याची गणती नाही. त्या पत्रांत बोलणारा ‘मी’ मी नसतो. खेद होतो तो मला होत नाही, आणि अनुमती मिळते ती माझ्याकडून मिळत नाही. स्वाक्षरी मात्र असते. तरी त्या पत्राला कोणी खोटे म्हणत नाही, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघांनाही तो संकेत ठाऊक असतो. जेथे संकेत उभयपक्षी ठाऊक आहे तेथे सोंग हे असत्य होत नाही. एवढ्यापुरता मी बंगाली मित्राच्या बाजूचा आहे. तो तरुण दरभंग्याचा निघाला याने आपली काहीच हानी झालेली नाही. उलट मला तर त्याच्याविषयी आपुलकी वाटली. घरापासून दूर, दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या नावाने विनयाने बोलून पोट भरणारा तो एक बदलीवरचा माणूसच होता.

परंतु फसवणूक नाही एवढे ठरले म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. मनुहार करणाऱ्याच्या मनातही ती असावयास हवी काय? ज्याँ-पॉल सार्त्रने १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उपाहारगृहातील एका वेटरचे चित्र काढले आहे. त्या वेटरच्या हालचाली जरा जास्तच चपळ, वाकणे जरा जास्तच उत्सुक. तो वेटर असण्याचे नाटक करीत असतो. तेथेच सार्त्र असेही नोंदवतो, की गिऱ्हाइकाला वाणी हा केवळ वाणी हवा असतो. स्वप्नात रमलेला वाणी त्याला रुचत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली होकशील्ड यांनी १९८३ साली विमानातील परिचारिकांच्या कामाचा अभ्यास करून या गोष्टीला ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. चेहऱ्यावर हसू आणणे हा एक श्रम. ते हसू खरे वाटावे म्हणून मनालाच वळण लावणे हा दुसरा, अधिक खोल. पहिल्या श्रमाचा मोबदला पगारात येतो. दुसऱ्या श्रमात मनुष्य आपले आतले काहीतरी झिजवतो, आणि घरी गेल्यावर आपले खरे हसू कोणते हे त्याला चटकन उमगत नाही.

आपल्या नियमांनी मात्र येथे शहाणपण दाखवले आहे असे मला वाटते. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ यांतील ३-ए हा नियम सरकारी नोकराने कामकाजात असभ्यपणे वागू नये, एवढेच सांगतो. खिडकीपाशी आलेल्या माणसावर प्रेम करा असे तो सांगत नाही. सौजन्य मागता येते, कारण ते वर्तनात आहे. जिव्हाळा मागता येत नाही. ढाणीच्या तिकिटावर आपला हक्क आहे तो गरम भाकरीवर, स्वच्छ पानावर आणि नीट म्हटलेल्या ‘राम राम सा’वर. ‘पण त्याच्या डोळ्यांत खरी माया नव्हती,’ अशी तक्रार करणारे लोक मी पाहिले आहेत. एरवी ही माणसे वाईट नसतात. परंतु दोनचारशे माणसांना रोज रात्री वाढणाऱ्याकडून त्या प्रत्येकासाठी वेगळी माया मागणे हे एक प्रकारचे खंडणी वसूल करणे आहे.

तरीही विकतचा आणि घरचा आग्रह यांत फरक आहे, आणि तो भावनेहून कणगीत अधिक आहे. घरी आग्रह करणारा आपल्या पुरवठ्यातून देत असतो. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात अर्धे अंग सोन्याचे असलेला मुंगूस धर्मराजाच्या यज्ञाला हिणवतो, ते याच कारणाने. दुष्काळात धान्य वेचून जगणाऱ्या ब्राह्मणाने, त्याच्या बायकोने, मुलाने आणि सुनेने आपापल्या वाट्याचे सातू पाहुण्याला दिले. त्या उष्ट्यात लोळल्याने मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले, आणि उरलेले अंग राजाच्या अश्वमेधातही झाले नाही. आपल्याकडची श्रियाळ-चांगुणेची कथा तर किंमत इतकी वाढवते की ती ऐकवत नाही. आतिथ्याच्या कथा बहुधा अशाच असतात; देणाऱ्याला काय पडले याच्या.

आणि हे राजस्थानात विशेष खरे आहे. त्या रात्री आम्ही जिला चवदार म्हणून दोनदा मागून घेतले ती केर-सांगरी मुळात टंचाईची भाजी. सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या शेंगा आणि केर म्हणजे काटेरी झुडपाची फळे. पाऊस पडो न पडो, वाळवंटात ही दोन मिळत, आणि वाळवून वर्षभर ठेवता येत. दुष्काळात खेजडीची सालही दळून खाल्ली गेली आहे. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी १८९९-१९०० चा ‘छपनियो काळ’ तेथील म्हातारी माणसे वाडवडिलांकडून ऐकलेल्या आठवणींतून अजून सांगतात. अशा प्रदेशात ‘आणखी थोडे तूप घ्या’ असे म्हणणे हे केवळ गोड बोलणे नव्हते. यजमान आपल्या चैत्र-वैशाखातून तुम्हाला देत असे. ढाणीतला तरुण कितीही तूप ओतो, त्याची कणगी तेवढीच राहते. म्हणून त्याच्या शब्दांना वजन येत नाही. यात त्याचा दोष नाही.

शिवाय घरच्या आग्रहाने आपल्यावरही काही चढते. आज त्यांनी जेवू घातले, उद्या आपण बोलावले पाहिजे. परगावी दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या आपल्यासारख्यांच्या खात्यावर अशी न फेडलेली जेवणे किती साठलेली असतात! एका गावच्या शेजारणीने बाळंतपणात महिनाभर डबा दिला. परतफेड करण्याआधीच बदलीचा हुकूम आला. पुढे पुढे मनुष्य या ऋणांना भिऊ लागतो, आणि कोणाच्या घरी जाण्यापेक्षा बाहेर भेटणे त्याला सोयीचे वाटू लागते. ढाणीसारख्या जागा नेमकी हीच सोय पुरवतात: आग्रह पुरेपूर, ऋण शून्य. मला वाटते आपण तिकीट काढतो ते मुख्यत्वे या ऋणमुक्तीचे. आणि याच ठिकाणी मला त्या व्यवहारातली नैतिक अडचण दिसते.

ती स्पष्ट करण्यासाठी बहुरूप्याकडे वळतो. आपल्याकडे हवालदाराच्या वेषात येऊन घरमालकाला दटावणारा आणि मग हसून पसाभर धान्य मागणारा बहुरूपी जुन्या लोकांनी पाहिला आहे. राजस्थानातही ही कला आहे. या कलेविषयी एक लोककथा निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या राजांच्या नावावर सांगतात. राजा म्हणाला, मला फसवशील तर इनाम देईन. काही महिन्यांनी गावाबाहेर एक साधू येऊन बसला. त्याची कीर्ती ऐकून राजा मोहरांचे ताट घेऊन गेला. साधूने ताटाकडे पाहिलेही नाही. दुसऱ्या दिवशी बहुरूपी दरबारात हजर झाला आणि ठरलेले लहानसे इनाम मागू लागला. ‘काल एवढे सोने समोर होते, ते का घेतले नाहीस?’ राजाने विचारले. ‘काल मी साधू होतो, महाराज. साधूच्या सोंगाला डाग लागला असता.’

ही गोष्ट सांगणारे बहुधा साधूपाशी थांबतात आणि सोंगाची निष्ठा वाखाणतात. मला त्यातला दुसरा दिवस महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी बहुरूपी जटा उतरवून, स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या नावाने राजासमोर उभा राहतो आणि आपल्या श्रमाचा दाम मागतो. राजा त्याला तसा पाहतो. सोंगाला हा दुसरा दिवस असला म्हणजे सोंग करणाऱ्याचा मान राहतो. ढाणीत पैसे दारावरच, आधीच, तिसऱ्याच माणसाच्या हाती दिलेले असतात. आत गेल्यावर जो भेटतो तो पाहुण्यापुरता सोंगातच राहतो. दरबार नाही, दुसरा दिवस नाही.

मिकी उंदराचे पात्र या दृष्टीने सुखी म्हणावे लागेल. मुखवट्यात मनुष्य पुरता झाकलेला, तोंडातून शब्द नाही. मुखवटा काढला की तो उंदीर राहत नाही, आणि घरी त्याने उंदीर असावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. दरभंग्याच्या तरुणाचेही निभावते. पागोटे खुंटीला टांगले की तो आपल्या मैथिलीत घरी फोन करीत असेल. खरी कठीण स्थिती ज्यांना स्वतःचेच सोंग घ्यावे लागते त्यांची. ढाणीच्या अंगणात नाचणाऱ्या कालबेलिया स्त्रिया पहा. त्यांची जमात सापांवर जगणारी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप बाळगण्याची वाट बंद झाली, आणि जे नृत्य सणासमारंभांचे होते ते उपजीविकेचे साधन झाले. २०१० साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, २०१६ साली गुलाबो सपेरा यांना पद्मश्री मिळाली. कायदा योग्य होता असे मी मानतो; कलेचा सन्मानही योग्यच. परंतु एखाद्या माणसाला ‘तू जसा होतास तसा रोज रात्री आठ वाजता दिस’ असे सांगणे ही विलक्षण गोष्ट आहे. त्याने बदलावयाचे कधी?

कठपुतळीवाल्यांचेही तसेच. नागौरकडच्या भाटांची ही कला. ‘बोली’ नावाची पिपाणी तोंडात धरून ते अमरसिंह राठोडाचा खेळ करतात. खेळ पाहणाऱ्यांना ते गावच्या चौकातले वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यातल्या कित्येक कुटुंबांचे गाव म्हणजे दिल्लीत शादीपूर डेपोजवळची कठपुतली कॉलनी होती. १९७० च्या दशकापासून वसलेली ती वस्ती २०१७ साली पुनर्विकासासाठी पाडण्यात आली, आणि पुष्कळ कुटुंबे आनंद पर्वताजवळच्या तात्पुरत्या छावणीत गेली. मातीच्या सुबक झोपडीपुढे बाहुली नाचवणारा मनुष्य पत्र्याच्या खोलीत राहत असणे शक्य आहे, ही गोष्ट त्या झोपडीत कोठेही लिहिलेली नसते. तिकीट ज्याचे आपण घेतले त्यात ती येत नाही.

मग काय, जाऊ नये? तसे माझे मत नाही. या जागांनी कित्येकांच्या चुली पेटवल्या आहेत, आणि शहरातल्या मुलांना बाजरीची भाकरी प्रथम तेथेच भेटते. शिवाय आपण तरी कोण मोठे निर्मळ आहोत? परप्रांतातल्या आपल्या मराठी मंडळांच्या ‘महाराष्ट्र संध्ये’त ज्यांनी जन्मात फेटा बांधला नाही ते फेटा बांधतात, नऊवारीची सवय गेलेल्या स्त्रिया नऊवारी नेसून लेझीम धरतात, आणि स्थानिक अधिकाऱ्यांना आपण म्हणजे असेच, असे सांगतो. दोन तासांनी फेटे पिशवीत जातात. त्यात आपल्याला लबाडी वाटत नाही, कारण कार्यक्रमानंतर तेच अधिकारी आपल्याशी फायलींविषयी बोलतात. सोंगाबाहेर आपल्याला ओळखणारे कोणी असते.

तेवढेच ढाणीतल्या माणसाला मिळावे असे मला वाटते, आणि ते देणे पाहुण्याच्या हाती आहे. यजमानाचे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येते. पाहुण्याचे काम मोलाने करून घेता येत नाही, ते आपल्यालाच करावे लागते. त्यात फार काही नसते. ‘राम राम’ला उत्तर द्यावे, पानात टाकू नये, कारण विकतच्या आग्रहात टाकून देणे सर्वांत सोपे असते आणि केर-सांगरीच्या प्रदेशात ते शोभत नाही, वाढणाऱ्याचे छायाचित्र घेण्याआधी त्याला विचारावे, तो थकलेला दिसला तर त्याला न हसण्याची मोकळीक असू द्यावी. आमच्या शेखावाटीच्या स्नेह्यांनी गाव विचारले, तेव्हा त्या मुलाचा आवाज क्षणभर निराळा झाला होता. तो प्रश्न काही तिकिटात धरलेला नव्हता. मल्याळी मित्राच्या मते मात्र याने फसवणूक उघड होते, त्याचे परिमार्जन होत नाही. त्याचे मन मला वळवता आलेले नाही, आणि तो अगदीच चुकतो आहे असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. ज्याला स्वतःची ओळख सांगण्याची इच्छाच नाही, त्याला गाव विचारणे हाही एक जुलूम होऊ शकतो, हा त्याचा मुद्दा मला मान्य आहे. विचारताना माणसाकडे पाहावे लागते, यापलीकडे त्यावर नियम करता येईल असे दिसत नाही.

येत्या गणेशोत्सवात येथल्या मराठी मंडळींच्या पुरणपोळीच्या पंगतीत ‘आग्रह करणे’ हे काम यादीत माझ्या नावापुढे लिहिलेले आहे. वाढपी केटररचे असतील, आणि त्यांना बाराबंदी व फेटा द्यावा असे कार्यकारिणीत ठरले आहे. शेवटची पंगत त्या वाढप्यांची, त्याच मांडवात, त्याच पानांवर, त्यांच्या नेहमीच्या कपड्यांत बसवावी आणि तीत आम्ही सभासदांनी वाढावे, अशी सूचना मी लेखी दिली आहे. मांडव रात्री दहाला रिकामा करून द्यावयाचा असल्याने वेळ पुरेल की नाही अशी चिटणिसांना शंका आहे. सूचना तूर्त विचाराधीन आहे.